लाइट गेली, हात आत घातला, लाइट आली : सामायिक वर्कशॉपमधलं छोटं मिलिंग मशीन

खुडबुड्या (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:५२

बोट शाबूत आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना धाकधूक नको. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोन टाके पडले आणि नखाचा एक कोपरा गेला, एवढ्यावर भागलं.

आम्ही अकरा जणांनी मिळून पुण्यात नऱ्ह्याला एक गाळा भाड्याने घेतलाय. कोणी आयटीतलं, दोघे बँकेतून निवृत्त, एक दातांचे डॉक्टर. ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा त्याने यायचं, किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे. सुतारकामाचं सामान आहे, एक सेकंडहँड हाताने चालवायची बेंच मिल (फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) आहे, आणि मागच्या वर्षी वर्गणी काढून घेतलेलं ३०१८ सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारं छोटं मिलिंग मशीन. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टेबलाचा पल्ला ३०० बाय १८० मिमी, म्हणून ३०१८. पाटावर मावेल एवढं मशीन. त्यामुळे त्याची भीती वाटत नाही, आणि तिथेच घोळ होतो.)

आज ४ मिमी ॲल्युमिनियमवर ताईच्या घराची पाटी कोरत होतो. एकटाच होतो. 'कु' झाला, 'ल' झाला आणि लाइट गेली. पंखा थांबला, मशीन थांबलं, सगळं शांत. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. म्हटलं, तेवढ्यात चिपा (कापलेल्या धातूचे बारीक तुकडे) साफ करून घेऊ. ब्रश जागेवर नव्हता. कटरच्या मुळाशी चिपांचा एक पुंजका अडकला होता, तो बोटाने काढायला गेलो आणि लाइट आली. स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) त्याच क्षणी पूर्ण वेगात! ओरडायच्या आत हात बाहेर आला होता, पण बोटाचा थोडा भाग आत ठेवून.

आता भिंतीवर नियमांची पाटी लावायची ठरवलंय. माझा कच्चा मसुदा असा :

१. गॉगल घाला. २. हातमोजे घाला. ३. एकट्याने मशीन चालवू नका. ४. काम झाल्यावर साफ करा.

यात भर घाला, चुकलं असेल तर झोडा. एका हाताने टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जुना_टूलमेकर | रविवार, सकाळी ६:१०

पाटी लावायच्या आधी नंबर दोन खोडा. फिरत्या कटरजवळ हातमोजा घालायचा नाही. कापडी नाही, चामड्याचा नाही, रबरी नाही.

मी ३४ वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये (जिथे हत्यारं आणि साचे बनतात) काढली. उघड्या बोटाला कटर लागला तर कापतं, आणि माणूस आपोआप हात मागे घेतो. मोज्याचा एक दोरा कटरला लागला की तो दोरा गुंडाळायला लागतो, मोजा ओढतो आणि मोज्यातलं बोटही बरोबर जातं. हात मागे घ्यायला तुमच्या हातात काही उरतच नाही. तुमचं दोन टाक्यांवर भागलं, कारण मोजा नव्हता.

शंकासूर | रविवार, सकाळी ९:३५

काका, पण चिपा सुईसारख्या असतात. पत्रा उचलताना हात कापतो तो वेगळाच. आणि डॉक्टर घालतात ते पातळ निळे मोजे तर लगेच फाटतात, त्यांनी काय बोट ओढलं जाणार आहे?

जुना_टूलमेकर | रविवार, सकाळी १०:०२

पत्रा उचलायला, कापलेला जॉब (ज्यावर काम करतोय तो तुकडा) धुवायला, तेलात हात घालायला खुशाल घाला. मशीनचा प्लग लावायच्या आधी काढून ठेवा, एवढंच म्हणतोय. निळा मोजा फाटतो, खरं आहे. पण फाटण्याआधी ताणतो. बोटावर बसलेलं रबर किती ताणतं ते फुगा फुगवून बघा आणि मग मला सांगा.

चिपांसाठी रंगकामाचा एक इंची ब्रश. शंभर रुपयांच्या आत येतो. चार आणा, दोन मशीनला दोरीने बांधा. चीप बोटाने काढायची नाही, तोंडाने फुंकायची नाही (थेट डोळ्यात येते, गॉगलच्या खालून) आणि कॉम्प्रेसरची हवा तर मारायचीच नाही. हवेने चीप स्लाइडच्या फटीत जाते, शेजाऱ्याच्या डोळ्यातही जाते.

राखी गेल्या आठवड्यात झाली. तुमच्या मनगटावर अजून आहे का? असेल तर आज सोडून ठेवा. लाल दोरा, कडं, अंगठी, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र, हुडीच्या नाड्या, इअरफोनची वायर, ओढणी : हे सगळं दाराबाहेर. बाही कोपराच्या वर. खाली सोडलेली बाही ही गुंडाळलेल्या बाहीपेक्षा वाईट आणि बटण तुटलेली बाही सगळ्यात वाईट.

खुडबुड्या | रविवार, सकाळी १०:२०

राखी होती काका. सोडली.

मिसळ_आणि_मायक्रॉन | रविवार, सकाळी १०:४१

काकांना +१. वाचनखूण साठवली.

सोल्डरचा_चटका | रविवार, दुपारी १२:१५

बोटाची काळजी घे. सगळे नियम ठीकच आहेत, पण मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. (आत्ता हा वाक्प्रचार नको होता, माफ कर.) लाइट आल्यावर स्पिंडल आपोआप का फिरला?

३०१८ च्या बोर्डाला दोन ठिकाणांहून वीज मिळते. मोटारींना आणि स्पिंडलला २४ व्होल्टच्या ॲडॉप्टरमधून. बोर्डाच्या मेंदूला यूएसबीतूनही. लाइट गेली तेव्हा २४ व्होल्ट गेले, पण तुझा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणजे मेंदू जागाच होता. त्याला लाइट गेल्याचं कळलंच नाही. तो एकेक ओळ वाचत होता, 'ल' नंतरची वेलांटी कोरतोय अशा समजुतीत मोटारींना पावलं टाकायला सांगत होता. मोटारी मेलेल्या. स्पिंडल चालू ठेवण्याचा हुकूमही कायम होता. २४ व्होल्ट परत आले त्या क्षणी हुकमाची अंमलबजावणी झाली.

आणि यातली दुसरी गोम जास्त वाईट आहे. मधल्या काळात जेवढी पावलं चुकली तेवढं मशीन चुकीच्या जागी आहे. समजा तू हात घातला नसतास, तरी लाइट आल्यावर कटर भलत्याच ठिकाणी चालला असता, कदाचित पाटी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टमध्ये घुसला असता. ३ मिमीचा कार्बाइडचा कटर काचेसारखा फुटतो आणि तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. गॉगल त्यासाठी.

लाइट गेली की करायची कामं, याच क्रमाने : प्लग उपटायचा. मग सॉफ्टवेअरमध्ये रीसेट. मग हात.

शंकासूर | रविवार, दुपारी १२:३०

'पॉज' दाबला तर चालणार नाही का? मी तर कटर बदलताना पॉजच करतो.

सोल्डरचा_चटका | रविवार, दुपारी १२:४४

नाही!! जीआरबीएलमध्ये (बोर्डातलं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पॉज म्हणजे फीड होल्ड. टेबल थांबतं, स्पिंडल फिरत राहतो. मिनिटाला १० हजार फेऱ्यांनी फिरणारा तीन मिलीमीटरचा कटर डोळ्यांना स्थिर काडीसारखा दिसतो, पंख्याच्या गोंगाटात आवाजही कळत नाही. शंकासूर, तू आजवर कटर बदलताना जिवंत राहिलास तो स्पिंडलचा स्विच वेगळा बंद करत असशील म्हणून. करतोस ना?

शंकासूर | रविवार, दुपारी १२:४६

करतो. बहुतेक वेळा.

बांधावरून | रविवार, दुपारी २:०५

वाचून हसू आलं, माफ करा दादा. आमच्याकडे हे रोजचं आहे.

विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो. त्यात नो व्होल्ट कॉइल. लाइट गेली की कॉइल सुटते, लाइट आली तरी मोटार सुरू होत नाही, माणसाने जाऊन हिरवं बटण दाबायचं. पण लाइट येते रात्री दोनला आणि रानात कोण जाणार? म्हणून सगळे ऑटो बसवतात. लाइट आली की ऑटो आपलं आपण बटण दाबतं. आणि म्हणून आमच्याकडे पंपाची फीत, कपलिंग, काही दुरुस्त करायचं असेल तर शहाणा माणूस आधी फ्यूज काढून खिशात घालतो. पेटीत ठेवत नाही, खिशात. दुसरा कोणी येऊन लावू नये म्हणून.

तुमच्या टेबलावरच्या मशीनला जन्मतःच ऑटो बसलेलं आहे असं समजा. आणि किल्ली चहावाल्याकडे म्हणजे कोणीही येणार. फ्यूज खिशात ठेवायची सवय लावून घ्या.

खुडबुड्या | रविवार, दुपारी २:३०

दादा, चटकाताई आणि तुम्ही दोघांनी मिळून मला जे समजावलं ते वर्षभराच्या व्हिडिओंनी समजावलं नव्हतं. मग या मशीनला नो व्होल्ट कॉइल बसवता येईल?

सोल्डरचा_चटका | रविवार, दुपारी ३:५०

येईल, आणि खर्च फार नाही. एक छोटा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज असेपर्यंतच जोडलेला राहणारा स्विच), एक हिरवं बटण, एक लाल बटण, एक मोठं लाल मशरूम बटण जे दाबलं की अडकून बसतं.

२४ व्होल्टच्या ॲडॉप्टरला जाणारी २३० व्होल्टची लाइन कॉन्टॅक्टरमधून न्यायची. कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणाऱ्या वाटेवर मशरूम आणि लाल बटण ओळीने, दोन्ही एरवी जोडलेली, दाबली की तुटणारी. त्यांच्या पुढे हिरवं, दाबलं तरच जोडणारं. हिरव्याला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक जादा संपर्क. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि तो स्वतःलाच धरून ठेवतो. लाइट गेली, पकड सुटली. लाइट आली तरी हिरवं दाबेपर्यंत काही होत नाही. बांधावरून म्हणतात तोच स्टार्टर.

२३० व्होल्ट आहे, वायरमनकडून करून घे. मशीनच्या सांगाड्याला अर्थिंग आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्यायला सांग. मशरूम मशीनच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात, कटरवरून हात न नेता पोचेल असं. मागच्या भिंतीवर लावलेलं मशरूम शोभेचं असतं.

शंकासूर | रविवार, दुपारी ४:१०

एक शंका. (नाव सार्थ करतोय.) लाइट आली, कॉन्टॅक्टर सुटलेला आहे, मशीन बंद. पण लॅपटॉपवर प्रोग्राम चालूच आहे ना? मग मी निरागसपणे हिरवं बटण दाबलं की परत तेच होणार. स्पिंडल फुल्ल आणि कटर भलतीकडे. फक्त आता बटण मी दाबलेलं असेल.

सोल्डरचा_चटका | रविवार, दुपारी ५:२२

बरोबर पकडलंस. मी हे लिहायला हवं होतं.

जीआरबीएलच्या बोर्डावर ए-शून्य नावाची पिन असते, तिचं काम रीसेट आणि काम रद्द करणं. ती बोर्डाच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टला) टेकवली की प्रोग्राम रद्द होतो, स्पिंडलचा हुकूम मागे घेतला जातो आणि चालत्या कामात हे झालं असेल तर बोर्ड 'अलार्म' दाखवून हटून बसतो. तू मुद्दाम कुलूप काढेपर्यंत एक पाऊल टाकत नाही. कॉन्टॅक्टरला असा एक जादा संपर्क घ्यायचा जो कॉन्टॅक्टर सुटल्यावर जुळतो, आणि त्याच्या दोन वायरी ए-शून्य आणि ग्राउंडला. लाइट गेली, कॉन्टॅक्टर सुटला, संपर्क जुळला, प्रोग्राम तिथेच रद्द. या दोन वायरी २३० व्होल्टच्या वायरींपासून लांबून ने आणि पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, नाहीतर स्पिंडलच्या मोटारीच्या खरखरीने उगाच रीसेट होत राहील आणि वैतागून तू वायर उपटशील.

सगळ्या बोर्डांवर ही पिन बाहेर काढलेली नसते. नसेल तर भिंतीवर मोठ्या अक्षरात : हिरव्याआधी रीसेट.

निदेशक_मास्तर | रविवार, रात्री ८:४०

आयटीआयमध्ये शिकवतो. सीएनसीवर बरंच झालं, पण धागाकर्त्याच्या गाळ्यात हाताने चालवायची बेंच मिलही आहे आणि माझ्या मते खरी भीती तिची. ३०१८ चावतं. बेंच मिल फेकते.

या मिलच्या डोक्यावर ड्रॉबार असतो, कटर धरणारा कॉलेट त्याने आवळतात. आवळायला पाना लावायचा, आवळायचं आणि पाना काढायचा. पाना तसाच राहिला आणि कोणी स्विच टाकला की तो पाना गाळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यात सापडतो, वाटेत जे असेल ते घेऊन. माझ्या वर्गात एकच नियम : पाना लावलेला हात पाना घेऊनच खाली येईल. ड्रिल चकची (भोक पाडायचं ड्रिल धरणाऱ्या जबड्याची) किल्लीही तशीच.

दुसरं, ड्रिल चकमध्ये एंड मिल (बाजूनेही कापणारा कटर) धरून मिलिंग करू नका. करतात, मला माहीत आहे. 'कॉलेट नाही मिळालं सर.' ड्रिल चक खालून वर येणारा जोर सोसायला केलेला आहे. बाजूच्या थरथरीने त्याचा टेपर (निमुळतं बूड) सुटतो आणि चक, कटर सगळं फिरत फिरत जॉबवर पडतं.

तिसरं, दिशा. कटर ज्या बाजूला दात फेकतोय त्याच्या विरुद्ध जॉब सरकवायचा, म्हणजे अप मिलिंग. जुन्या मिलच्या स्क्रूमध्ये प्ले असतोच. हँडल थोडं मागेपुढे फिरवून बघा, टेबल हलायच्या आधी किती फिरतं. त्या ढिलाईत डाउन मिलिंग केलं की कटर जॉबला स्वतःकडे खेचतो, टेबल धाडकन पुढे सरकतं आणि कटरचा दात जातो. मोठ्या कारखान्यातल्या चांगल्या मशीनवर डाउन मिलिंगच करतात, फिनिश सुंदर येतं. तुमच्याकडे ती चैन नाही.

जुना_टूलमेकर | रविवार, रात्री ९:१५

मास्तरांनी चांगलं सांगितलं. क्लॅम्पचं राहिलं. पट्टी क्लॅम्पचा बोल्ट जॉबच्या जवळ, पट्टीच्या मागच्या टोकाखालच्या ठोकळ्यापासून लांब. नवखे नेमकं उलटं करतात आणि मग सगळा जोर ठोकळ्यावर जातो, जॉब मोकळाच. ठोकळा जॉबपेक्षा केसभर उंच. खाली असला तर क्लॅम्प जॉबची फक्त कड धरतो.

व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरलं की जॉबखालच्या पट्ट्या बोटाने हलवून बघायच्या. हलली तर जॉब बसलेला नाही. रबरी हातोडीने ठोका, परत हलवा. दोन्ही पट्ट्या घट्ट झाल्या की मग स्विच. हे मशीन बंद असताना करायचं हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

गच्चीतली_बाग | रविवार, रात्री ९:३०

अवांतर : मला मिलिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी दोन तास हा धागा वाचतेय. आमच्या मिक्सरचं झाकण उघडलं की तो बंद होतो. या मशीनला तसं झाकण का नाही?

सोल्डरचा_चटका | रविवार, रात्री १०:०५

अवांतर मुळीच नाही, नेमका प्रश्न आहे. झाकणवाल्या मिल असतात. फॅब लॅबमध्ये (संगणकावर चालणारी छोटी मशीनं असलेली सामायिक वर्कशॉप) रोलँड कंपनीची एसआरएम-२० असते, पल्ला साधारण २०३ बाय १५२ मिमी, चारी बाजूंनी बंद. काम चालू असताना झाकण उघडलं की थांबते. किमतीत मात्र अनेक ३०१८ येतील.

फॅब लॅबचा विषय निघालाच आहे तर : अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुरू झाली, पाबळच्या विज्ञान आश्रमात. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही संस्था. तिथून दीड तासावर राहून आपण परदेशी व्हिडिओ बघत बसतो.

३०१८ ला ॲक्रिलिकची पेटी करून घ्या. दाराला मायक्रोस्विच (दार उघडलं की सुटणारा छोटा स्विच) लावा आणि तो मशरूमच्या ओळीत जोडा. पेटीने चीप, तुटलेला कटर आणि धूळ तिन्ही अडतात. मी यावर सर्किट बोर्ड कोरते. हिरवट काचतंतूचा एफआर-४ बोर्ड कोरला की काचेची बारीक धूळ उडते, ती श्वासात जायला नको. त्यापेक्षा कागद आणि फिनॉलिकचा तपकिरी एफआर-१ वापरा, फॅब लॅबवाले तोच वापरतात. एफआर-४ च हवा असेल तर एन-९५, व्हॅक्यूमचं तोंड कटरपाशी, आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायचं. झाडू मारायचा नाही.

ऱ्हाईनकाठचा | रविवार, रात्री ११:२०

इथे जर्मनीत आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये कोणत्याही मशीनला हात लावायच्या आधी त्या मशीनची 'आइनवाइझुंग' घ्यावी लागते. म्हणजे जाणकाराबरोबर तास-दोन तास, शेवटी तुमच्याकडून करून घेतात आणि सही. मिलिंगची घेतली म्हणून लेथला (जॉबच फिरवणाऱ्या मशीनला) हात लावता येत नाही. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. इंजिनियरिंगची पदवी घेऊन आलेल्या मला एक पेन्शनर बाई व्हाइस कसा आवळायचा ते शिकवत होत्या. मी चुकीचा आवळत होतो.

तरी मला जास्त उपयोगी वाटली ती दुसरीच पद्धत. मशीन *सोडताना* काय करायचं याची वेगळी पाटी आहे, चालवण्याच्या पाटीपेक्षा मोठी. कटर काढलेला, झेड (वर-खाली सरकणारं डोकं) वर, वेग सगळ्यात कमी, मेन स्विच बंद, पाने जागेवर. पुढचा माणूस तुमच्याइतका हुशार नाही आणि तुम्ही काय करून गेलात हे त्याला माहीत नाही, असं धरून चालतात.

खुडबुड्या | सोमवार, सकाळी ७:४५

ऱ्हाईनकाठ, हे वाचून रात्री झोप लागली नाही.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. शनिवारी सकाळी मी आलो तेव्हा मशीनमध्ये कटर लावलेला होता, मागच्याचा. व्ही आकाराचा. मी तो काढून माझा लावला, पण नटमध्ये कॉलेट नीट बसलं का ते पाहिलं नाही. प्रोग्राम सुरू केला तर कटर पाटीच्या दीड इंच डावीकडे, हवेत कोरायला लागला. मागच्याचा झिरो (काम जिथून मोजायचं ती जागा) तसाच बोर्डात होता. तेव्हा मी हसून परत झिरो केला. ब्रश जागेवर नव्हता कारण मागचा तो सुतारकामाच्या टेबलावर ठेवून गेला होता.

आणि मागचा म्हणजे मीच. गुरुवारी रात्री घाईत निघालो होतो.

सोल्डरचा_चटका | सोमवार, सकाळी ८:३०

:) होतं असं.

त्या झिरोचं स्पष्टीकरण : जी-५४ चा ऑफसेट (मशीनच्या मूळ जागेपासून कामाचा झिरो किती लांब ते) बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत राहतो, मशीन बंद करून चालू केलं तरी. पण साध्या ३०१८ ला लिमिट स्विच (टोकाला पोचल्याचं सांगणारे) नसतात, त्यामुळे चालू करताना ते जिथे उभं असेल तीच जागा त्याला मूळ वाटते. म्हणजे मूळ नवं आणि ऑफसेट जुना. डावीकडे दीड इंच गेलं ते नशीब. तेच झेडमध्ये खाली गेलं असतं तर टेबलात घुसलं असतं. प्रत्येक बैठकीला तिन्ही अक्षांचा झिरो नव्याने, आणि पहिली फेरी कटर १० मिमी वर ठेवून हवेत. लिमिट स्विच बसवलेस तर जीआरबीएलची डॉलर-२२ ही सेटिंग एक कर आणि दरवेळी होमिंग (मशीनने टोकाला जाऊन मूळ जागा शोधणं).

कॉलेटबद्दल : ईआर कॉलेट आधी नटमध्ये तिरकं घालून 'टक्' असं बसवायचं, मग कटर, मग स्पिंडलवर. आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर कटर वाकडा फिरतो आणि काढताना कॉलेट आतच अडकतं.

निदेशक_मास्तर | सोमवार, सकाळी ९:१०

कपड्यांवरून आठवलं. फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली), कलम २२ होतं : चालत्या यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाणी करायचंच झालं तर खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने, घट्ट बसणारे कपडे घालून. घट्ट कपडे कायद्यातच लिहिले होते.

सोल्डरचा_चटका | सोमवार, सकाळी ९:२२

मास्तर, त्याच कलमात स्त्रियांना चालत्या यंत्राच्या साफसफाईची मनाईही होती. चालत्या मशीनमध्ये हात घालण्याचा मान १९४८ मध्ये पुरुषांसाठी राखून ठेवला होता. शनिवारी एकाने तो बजावला.

खुडबुड्या | सोमवार, सकाळी ९:२५

😶

बांधावरून | सोमवार, सकाळी ९:४०

ताईंनी एका दगडात दोन पक्षी मारले.

शंकासूर | सोमवार, दुपारी १:१५

एकट्याने मशीन चालवायचं नाही हा नियम मला पटत नाही. अकरा लोकांच्या गाळ्यात दोघांना एकाच वेळी सवड कधी मिळणार? नियम केला की दुसऱ्या दिवसापासून तो मोडायची सवय लागेल, आणि मग बाकीचेही मोडतील.

ऱ्हाईनकाठचा | सोमवार, दुपारी ३:०५

२०११ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री एकटी लेथवर काम करत होती. केस अडकले. ती गेली. हुशार मुलगी, मशीनची सवय असलेली. बाजूला कोणी असतं तर एक बटण दाबलं असतं.

तुझा मुद्दा खरा आहे, न पाळला जाणारा नियम वाईट. पण मग मशीन मशीनमध्ये फरक करा. पेटीतलं ३०१८ एकट्याने चालेल, फोन खिशात ठेवून. बेंच मिल एकट्याने नाही. सुतारकाम करणारा कोणी तिथे असला तरी पुरे, त्याला मिलिंग यायला हवं असं नाही. मशरूम कुठे आहे एवढं माहीत हवं.

जुना_टूलमेकर | सोमवार, संध्याकाळी ६:३०

हे बरोबर. आणि केस बांधून टोपीत. दाढीवाल्यांनीही हसू नये.

वेगाचं कोणी बोललं नाही. मिनिटाच्या फेऱ्या काढायच्या तर कापण्याचा वेग (मिनिटाला मीटर) गुणिले १०००, भागिले (३.१४ गुणिले कटरचा व्यास मिमीमध्ये). साधं लोखंड आणि एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटर असेल तर वेग २५ धरा. ६ मिमीच्या कटरला १३०० फेऱ्या आल्या. आता ३०१८ बघा : ३ मिमीचा कटर, १० हजार फेऱ्या, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १०० मीटर. ॲल्युमिनियमला छान, लोखंडाला एचएसएस कटर जाळणारा. म्हणून त्या मशीनवर लोखंड घेऊ नका. कोणीतरी घेणारच, म्हणून मशीनवरच लिहा.

ॲल्युमिनियम कटरला चिकटायला लागलं की थेंबभर रॉकेल लावतात आमच्यातले जुने. तुमच्या बंद पेटीत आणि ठिणगीच्या मोटारीशेजारी ते नको. कटिंग ऑइल ब्रशने लावा, तेही स्पिंडल थांबवून.

खुडबुड्या | पुढचा रविवार, रात्री १०:१५

अपडेट.

वायरमन काल आला. कॉन्टॅक्टर, हिरवं, लाल, मशरूम बसलं. आमच्या बोर्डावर ए-शून्य होती, छोट्या अक्षरात, शोधायला डॉक्टरांचं भिंग लागलं. कपॅसिटर लावला. गाळ्याचा मेन पाडून पाहिला : लॅपटॉपवर लगेच अलार्म. मेन चढवला : काही नाही. हिरवं दाबलं : काही नाही, फक्त मोटारींची बारीक गुणगुण. पाच वेळा केलं. पाचव्यांदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ब्रश दोरीने बांधले. ड्रॉबारचा पानाही बांधायला निघालो होतो, पण मास्तर खाजगीत म्हणाले की दोरीच स्पिंडलमध्ये जाईल. तो आता भिंतीवरच्या खिळ्याला, आणि खिळ्यामागे पान्याची लाल बाह्याकृती. पाना नसला की लाल दिसतं.

पाट्या दोन झाल्या. 'सुरू करताना' पाच ओळी, 'सोडताना' आठ ओळी. प्लगला किल्लीने चालणारा स्विच लावलाय, किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात. बेंच मिल एकट्याने नाही हे अकरापैकी नऊ जणांनी मान्य केलं. दोघांचं मन वळवणं चालू आहे.

एक वाद अजून मिटला नाही. दसरा जवळ येतोय आणि बँकवाल्या काकांना खंडेनवमीला मशीनला हार घालून 'एकदा चालू करून दाखवायचं' आहे. त्यांच्या कारखानदार भावाकडे तसंच करतात म्हणे.

जुना_टूलमेकर | पुढचा रविवार, रात्री १०:४०

हार टेबलाला घाला, कॉलमला घाला. स्पिंडलला नको. आमच्याकडे एकदा झेंडू छतापर्यंत गेला होता आणि दोरा बेअरिंगमधून काढायला दिवस गेला.

त्या पाच टेस्ट कटर लावून केल्यात की काढून?

खुडबुड्या | पुढचा रविवार, रात्री १०:४३

पहिल्या दोन लावून. मग चटकाताईंचा फोन आला. पुढच्या तीन काढून.